हलला नाही तर गेला

लातूरच्या कचेरीत वीस-बावीस वर्षं माझ्याकडे निधनवार्तांचं काम होतं. वर्तमानपत्रात ते नव्या माणसाला देतात, आणि ज्याच्या हातून चुका कमी होतात त्याच्याकडेच ते राहून जातं. तालुक्यांचं पान संध्याकाळी पाचला सुटायचं. त्या वेळेमुळे आमच्या भागात एक रीत पडली होती. घरातलं म्हातारं माणूस शेवटच्या घटका मोजतंय असं दिसलं की घरचं कोणीतरी चारच्या सुमारास फोन करून सांगायचं, बातमी लावून ठेवा, उद्या अकराला माती. माणूस अजून जिवंत असायचं. पण पान चुकलं तर बातमी एक दिवस पुढे जाणार, तोवर माती होऊन गेलेली असणार, आणि बीदरकडचे, निजामाबादकडचे पाहुणे जन्मभर बोलून दाखवणार. मोबाइल घरोघर आल्यावरही ही रीत गेली नाही. फोनवर कळवलेलं वेगळं आणि पेपरात आलेलं वेगळं, असं लोक धरत.

उदगीरच्या एका आडत दुकानदाराच्या मुलाने असाच फोन केला. मी बातमी लावली. पान गेल्यावर तासाभराने वडिलांनी डोळे उघडले आणि चहा मागितला. तिसऱ्या दिवशी ते स्वतः लातूरला आले, माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मी जिता हाय. लिहून घ्या."

मी लिहून घेतलं.

"अन् आता खरंच गेलो म्हंजे?" ते म्हणाले. "तवा छापशाल न्हवं? का म्हणशाल, ह्यांचं एकदा छापून झालंय?"

"छापू," मी म्हणालो.

"मग फोटो दुसरा घ्या. त्यो लई जुना होता. सोयऱ्यांनी वळखला न्हाई."

चूकदुरुस्ती दुसऱ्या दिवशी पाचव्या पानावर तळाशी गेली. त्यानंतर मी स्वतःपुरता एक नियम केला. मृत्यूची बातमी दोन ठिकाणांहून पक्की झाल्याशिवाय सोडायची नाही. एक घरातून आणि एक बाहेरून; डॉक्टर, सरपंच, नाहीतर समोरचा दुकानदार. दुसरा दुजोरा मिळाला नाही तर बातमी उद्यावर. एक दिवस उशिरा छापलेल्या मृत्यूची तक्रार घेऊन कोणी समोर येऊन बसत नाही, हे माझ्या लक्षात आलं होतं. हा नियम मी निवृत्तीपर्यंत पाळला. निवृत्ती म्हणजे कचेरी आवरली गेली आणि पानं दुसऱ्या शहरात लागू लागली. काही जणांना तिकडे बोलावलं. मला बोलावलं नाही.

पुढचं वर्ष-दीड वर्ष मी घरीच होतो. सकाळी पेपर वाचायचा, त्यातल्या चुकांवर पेन्सिलने खुणा करायच्या आणि तो रद्दीत टाकायचा, एवढंच चालू होतं. अशात फेब्रुवारीच्या शेवटी भाचीचा नांदेडहून फोन आला.

भाची म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. त्यांचं घर जळकोटजवळच्या एका गावात, शेती सोयाबीन आणि तुरीची. ही मुलगी नांदेडच्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र विभागात पाच वर्षांपासून पीएच.डी. करत होती. लग्नाकार्यात कोणी विचारलं, पोरगी काय करून राहिली, की बहीण सांगायची, "किडे पाळती." सुरुवातीला ती हे थट्टेने म्हणायची. पाचव्या वर्षापर्यंत त्यातली थट्टा निघून गेली होती.

किडे नव्हेत, सूत्रकृमी. वांग्याच्या मुळांवर गाठी आणतात त्यांचे हे लांबचे नातेवाईक, पण यांचा कोणाला उपद्रव नाही. लांबी एक मिलिमीटर. अंग पारदर्शक, त्यामुळे आतलं सगळं काचेतून पाहिल्यासारखं दिसतं. आयुष्य तीन आठवड्यांच्या आसपास. त्यांच्या आतड्याच्या पेशींत चरबीचे थेंब साठतात, आणि ती चरबी फोडून वापरण्याजोगी करणारं एक एन्झाइम त्यांच्या अंगात असतं. भाचीचं सगळं काम त्या एका एन्झाइमवर होतं. मला तिने ते एकदा दिवाळीत समजावलं होतं, तेही आईच्या स्वयंपाकघरात बसून.

"कणगी असते की नाही, मामा. वरून धान्य भरायचं, खाली एक भोक, त्याला चिंधीचा बोळा. बोळा काढला की लागेल तेवढं धान्य खाली येतं. चरबी म्हणजे कणगीतलं धान्य. हे एन्झाइम म्हणजे बोळा काढणारा हात."

"आणि हातच नसेल तर?"

"तेच तर बघायचंय. माझ्याकडे तसे कृमी आहेत, ज्यांच्यात तो हात जन्मापासून नाही. कणगी भरलेली आणि घर उपाशी."

"उपाशी मरतील," बहीण पोळी लाटता लाटता म्हणाली. "त्यात पाच वर्षं काय बघायचं?"

"ते सिद्ध करायला पाच वर्षं, आई."

सिद्ध करायचं ते एवढंच होतं. एन्झाइम नसलेले कृमी साध्या कृमींपेक्षा लवकर मरतात का, आणि किती लवकर. म्हातारपणी कृमी खाणं कमी करतो आणि साठवलेल्या चरबीवर दिवस काढतो. ज्याला चरबी फोडता येत नाही त्याचे ते दिवस कमी व्हायला हवेत. हे पाहायला दोन्ही प्रकारचे कृमी वेगवेगळ्या प्लेटांमध्ये ठेवून रोज मोजायचे, किती जिवंत, किती मेले. सगळे संपले की एक फेरी पूर्ण. अशा तीन फेऱ्या एकमेकींशी जुळल्या तर निष्कर्ष धरायचा. दोन फेऱ्या झाल्या होत्या आणि दोन्हींत एन्झाइम नसलेले कृमी काही दिवस आधी गेले होते. तिसरी चालू होती. प्रबंध जुलैअखेर द्यायचा होता. एकदा मुदतवाढ घेऊन झाली होती, पुन्हा मिळणार नव्हती. सगळा प्रबंध या एका प्रकरणावर उभा होता. तिसरी फेरी जुळली नाही, तर पाच वर्षांच्या कामाखालून जमीन जाणार होती.

त्या तिसऱ्या फेरीच्या मधोमध तिचे डोळे पिवळे झाले. कावीळ. डॉक्टरांनी महिनाभर विश्रांती सांगितली आणि बहिणीने तिला त्याच दिवशी गावी नेलं. फोन तिने गावाहून केला नाही. एसटीत बसण्याआधी नांदेडच्या स्टँडवरून केला.

"मामा, तुम्हाला मोजता येतं," ती म्हणाली. "लॅबमध्ये दुसरं कोणी नाही. एक जण बाळंतपणाला गेलीय, एकाने सोडलंय. सरांना सकाळभर तास असतात. अंडी घालायचे दिवस संपलेत, आता एका प्लेटमधून दुसरीत हलवाहलवी काही नाही. फक्त मोजायचं."

"काय मोजायचं?"

"मेलेले."

मी म्हणालो, येतो.

तिचे मार्गदर्शक, ज्यांना सगळे सर म्हणत, ते थकलेले गृहस्थ होते. त्यांच्या टेबलावर तपासायच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे होते आणि बोलताना त्यांचं लक्ष त्या गठ्ठ्यांकडे होतं. त्यांनी मला एक दिवस मायक्रोस्कोपवर बसवलं, माझे आकडे स्वतःच्या आकड्यांशी ताडून पाहिले आणि म्हणाले, "ठीक आहे. डोळे चांगले आहेत तुमचे." प्लेटांवर फक्त अक्षरं होती, क ते झ. कोणत्या अक्षरात कोणते कृमी, त्याची चिठ्ठी बंद पाकिटात सरांच्या कपाटात. मोजणाऱ्याला ते माहीत असता कामा नये, नाहीतर त्याचा डोळा त्याला हवं तेच पाहतो. हा नियम मला पटला. काही प्लेटांमधले कृमी जाडसर, काळपट आणि मंद होते. अंदाज बांधता आला असता. मी बांधला नाही.

भाचीने फोनवर सांगितलेली पद्धत मी वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतली होती. कृमी पडून दिसला तर प्लॅटिनमच्या तारेच्या टोकाने डोक्याला एकदा स्पर्श करायचा, शेपटीला एकदा. हलला तर जिवंत. हलला नाही तर गेला. मेलेला तारेने उचलून बाहेर काढायचा आणि नोंद करायची. एखादा प्लेटच्या भिंतीवर चढून वाळून जातो, किंवा सापडतच नाही. तो मेल्यांत धरायचा नाही, वेगळ्या रकान्यात लिहायचा. मी त्या रकान्यावर 'बेपत्ता' असं लिहिलं. आमच्याकडे तोच शब्द होता.

लॅबमध्ये एक जुने परिचर होते, जुन्या नांदेडातले, सगळे त्यांना चाचा म्हणत. इन्क्युबेटर त्यांच्या ताब्यात होतं. कृमींना वीस अंश लागतात, आणि मार्च लागल्यावर बाहेर चाळिशीकडे पारा जात होता. वीज गेली की चाचा सगळं सोडून इन्व्हर्टरपाशी जाऊन उभे राहत, जणू त्यांच्या उभं राहण्याने तो चालत होता. खिडकीला त्यांनी ओलं पोतं लावलं होतं आणि दर तासाला त्यावर पाणी मारत.

मी सकाळी नऊला बसायचो. जेवायची वेळ होईपर्यंत मोजणं चालायचं. पहिल्या काही दिवसांत पाठ आणि मान गेली. नंतर त्याची सवय झाली, म्हणजे दुखणं राहिलं आणि त्याच्याकडे लक्ष द्यायचं राहून गेलं. भिंगाखाली फिकट जेलीवर जिवाणूंचा पातळ थर, तो त्यांचा चारा. त्यावर नागमोडी रेघा उमटवत कृमी फिरायचे. दिवस जातील तसतशा रेघा कमी होत गेल्या. म्हातारा कृमी जिथे आहे तिथेच पडून डोकं तेवढं हलवतो. नंतर तेही हलवत नाही.

अडचण इथे होती. काही कृमी मेले की मेलेलेच दिसायचे, सरळ, ताठ, आतून विस्कटलेले. त्यांच्याबद्दल शंका नसे. पण ते मंद, काळपट कृमी तसे नव्हते. ते जिवंतपणीही तासन्‌तास हलत नसत. स्पर्श केला, हालचाल नाही. थांबलो, पुन्हा स्पर्श केला, हालचाल नाही. मी त्यांच्यापुढे वहीत प्रश्नचिन्ह घालून ठेवायचो आणि त्यांना प्लेटमध्येच राहू द्यायचो. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहायचं. दुसऱ्या दिवशीही हलला नाही तर दुसऱ्या दिवसाच्या तारखेने नोंद करायची. त्यांतले काही दुसऱ्या दिवशी खरोखरच हलले. फार नाही, तोंडाचं टोक एका बाजूला गेलं, एवढंच. पण हलले. त्या वेळी मला वाटलं, थांबलो ते बरं झालं. उदगीरचे ते आडतवाले गृहस्थ डोळ्यांपुढे आले.

चाचा पाणी मारायला आले की माझ्यामागे थांबून पाहायचे.

"साहेब, एक बोलू? बाई तर एकदा टोचते, दोनदा टोचते, म्हणते, चाचा, गेलं. तुम्ही त्याच्यापाशी बसूनच राहिलेत. मय्यतीला बसल्यावानी."

"खात्री करतोय."

"खात्री तो कृमीच करून देईल. गेला तर परत कुटं जातोय?"

"एखादा जातो," मी म्हणालो.

"लई नरम हात हाय तुमचा," चाचा म्हणाले आणि पोतं भिजवायला गेले. मी ते कौतुक समजलो.

मार्चच्या मध्यावर शेवटचा कृमी गेला. सरांनी पाकीट उघडलं, अक्षरं आणि आकडे समोरासमोर मांडले. आलेख काढायला त्यांना अर्धा तास लागला. दोन रेघा जवळजवळ एकमेकींवर बसल्या होत्या. एन्झाइम असलेले आणि नसलेले, सगळे सारखेच दिवस जगले होते.

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "दोन फेऱ्या एक सांगतात, तिसरी दुसरंच सांगते," ते म्हणाले. "असं प्रकरण मला पुढे पाठवता येणार नाही. तिला काय सांगायचं ते पाहतो."

"मी सांगतो," मी म्हणालो. "वही मला तिच्यापर्यंत न्यायचीच आहे."

नांदेडहून कंधारमार्गे जळकोटला जाणारी एसटी दुपारी भरलेली असते. मला जांबपर्यंत उभं राहावं लागलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तुरी निघून गेल्या होत्या, रानं मोकळी पडली होती. बहिणीच्या घरी पोहोचलो तेव्हा चार वाजले होते. भाची ओसरीवर खाटेवर होती. पिवळेपणा कमी झाला होता पण चेहरा उतरला होता. बहिणीने तिचं तेल, तूप, शेंगदाणे सगळं बंद केलं होतं. भाकरी, ताक, उसाचा रस आणि कोणीतरी दिलेला एक कडू काढा.

"मीच आता माझ्या प्लेटमधला कृमी झालेय," ती म्हणाली. "समोर सगळं दिसतंय, पण अंगी लागत नाही."

मी तिला निकाल सांगितला. बातमी सांगताना आधी मुख्य गोष्ट सांगावी, ती सांगितली. मग वही दिली.

तिने पानं उलटली नाहीत. वही पोटावर ठेवून ती छताकडे पाहत राहिली. ती म्हणाली, "मग पहिल्या दोन फेऱ्यांत माझंच काहीतरी चुकलं असेल."

"दादा, आता काय होणार?" बहीण दारातून म्हणाली.

"काही नाही होणार, आई. पाच वर्षं किडे पाळले, ते मेले, एवढंच होणार."

बहिणीने आत जाऊन चहा टाकला. ओसरीवर आम्ही दोघेच होतो. भाची मग सहज, काहीतरी बोलायचं म्हणून बोलल्यासारखं म्हणाली, "फार वेळ जात होता का रोज?"

"नऊला बसलो की एक-दीड वाजायचा."

"चार तास?"

"कधी जास्त."

"मला दीड तास लागतो." तिने मान वळवली. "आठच प्लेटा होत्या, मामा. एवढा वेळ काय करत होता?"

मी सांगितलं. थांबणं, पुन्हा स्पर्श करणं, प्रश्नचिन्ह, दुसऱ्या दिवसाची तारीख. दोन दुजोऱ्यांशिवाय नोंद करायची नाही, हेही सांगितलं. सांगता सांगताच माझ्या लक्षात आलं. पण वाक्य सुरू झालं होतं, ते पूर्ण केलं.

ती उठून बसली. वही उघडली आणि प्रश्नचिन्हं मोजू लागली. क प्लेटमध्ये दोन. ख मध्ये सतरा. ग मध्ये एक. घ मध्ये एकोणीस. तिने पुढची मोजली नाहीत.

"सरांनी चिठ्ठी उघडली तेव्हा ख आणि घ कोणत्या निघाल्या?" तिने विचारलं.

"बिनएन्झाइमच्या."

"हां."

चहा आला. तो तिने घेतला नाही, तिला मनाईच होती. मी घेतला.

"म्हणजे साधे कृमी पहिल्या दिवशी मेले की पहिल्याच दिवशी लिहिलेत," ती म्हणाली, "आणि माझे मंद कृमी पहिल्या दिवशी मेले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लिहिलेत. तीच तर त्यांची खूण आहे, मामा. त्यांच्यात हलायला जोर नाही, कारण कणगी उघडत नाही. आणि तुम्ही त्याच गोष्टीचा त्यांना फायदा दिलात."

"पण त्यांतले काही दुसऱ्या दिवशी हलले," मी म्हणालो. "तारीख आणि प्लेट लिहिलेली आहे."

"हलले असतील. मी मोजलेल्यांतलेही काही हलले असते, मी थांबले असते तर." तिचा आवाज चढला नव्हता. चढवायला अंगात ताकदही नसावी. "प्रश्न तो खरंच कधी मेला, हा नाहीच. ते कोणालाच कळत नाही. प्रश्न एवढाच, की सगळ्यांना एकच माप लावलं का."

बहीण दाराशी उभी होती. तिला सगळं कळलं नसावं, पण जेवढं हवं तेवढं कळलं होतं. "दादा, पोरीनं सांगितलं होतं तसं करायचं होतं ना," ती म्हणाली. एवढंच म्हणाली. मी आयुष्यभर चूकदुरुस्त्या लिहिल्या होत्या, त्यांत एकही याहून नेमकी नव्हती.

दुसऱ्या दिवशी नांदेडला परतून मी सरांना सांगितलं. वही समोर ठेवली. मी त्यांना म्हणालो, प्रश्नचिन्हं घातल्याच्या तारखा वहीत आहेत. त्या मृत्यूच्या तारखा धरल्या तर फेरी जुळेल. मी येताना एसटीत हिशेब करून पाहिला होता, ती जुळत होती.

सरांनी बराच वेळ वही पाहिली. "जुळेल," ते म्हणाले, "पण आता चिठ्ठी उघडलेली आहे. पाकीट उघडल्यावर तारखा बदलायच्या नसतात. बदललेल्या बरोबर असल्या तरी."

हेही मला पटलं. छापून झाल्यावर मजकूर बदलता येत नाही. खाली चूकदुरुस्ती देता येते.

चौथी फेरी एप्रिलमध्ये सुरू झाली. भाची डॉक्टरांनी पुढे वाढवलेल्या मुदतीच्या आठ दिवस आधी नांदेडला आली. बहिणीने तिच्याबरोबर सातूचं पीठ, ज्वारीचं पीठ आणि मला पाठवलं. मोजणं ती करणार होती. मी शेजारी बसून ती सांगेल तो आकडा लिहायचा, एवढंच माझं काम. तिला सलग तासभर वाकून बसवत नसे. प्लेट संपली की ती खुर्चीला मान टेकून डोळे मिटून राहायची, आणि मी पुढची प्लेट इन्क्युबेटरमधून काढून ठेवायचो. पाकिटातली अक्षरं सरांनी नव्याने लावली होती.

त्या वर्षी एप्रिलमध्ये नांदेडला बाहेर पडवत नव्हतं. वीज दुपारी जायची. चाचांनी दुसऱ्या खिडकीलाही पोतं लावलं. एकदा इन्व्हर्टर बंद पडला तेव्हा ते सायकलवर जाऊन बर्फ घेऊन आले आणि इन्क्युबेटरच्या आत भांड्यात ठेवून दार लावून त्याला पाठ टेकून बसले. वीज तासाभराने आली. तापमापक पाहून भाची म्हणाली, "चालेल, फार वाढलेलं नाही." जास्त बोलायला लागणारा जोर त्या दिवसांत आम्हा तिघांकडे उरत नसे.

"डोक्याला एकदा," ती स्वतःशी म्हणायची, "शेपटीला एकदा. गेला. लिहा."

मी लिहायचो. पहिल्या दिवसांत एक-दोनदा माझा पेन कागदावर टेकून थांबला. तिने भिंगातून मान वर न काढता म्हटलं, "मामा, लिहा." त्यानंतर थांबलो नाही. तार कृमीपाशी जायची. स्पर्श झाला, उत्तर आलं नाही, पुढचा. मंद असो की चपळ, दोघांना सारखाच वेळ. ते पाहताना मला माझी जुनी कचेरी आठवत राहिली. ज्यांचा बाहेरचा दुजोरा लवकर मिळायचा त्यांच्या बातम्या त्याच दिवशी जायच्या. शहरातले, डॉक्टरांकडचे, मोठ्या दुकानांचे. ज्यांच्या गावात फोन लागायचा नाही, किनवटकडच्या जंगलातले, तांड्यांवरचे, त्यांच्या उद्यावर जायच्या, कधी परवावर. मी ते काळजी म्हणून करत होतो. त्यांच्या पाहुण्यांना माती सापडली नसेल, हे तेव्हा मनात आलं नाही. कारण त्याची तक्रार घेऊन कोणी समोर बसलं नाही.

मेच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी सगळ्या प्लेटांत मिळून एकच कृमी उरला होता. भाचीने तो भिंगाखाली घेतला. मी वही उघडून बसलो. तिने डोक्याला स्पर्श केला, मग शेपटीला. सव्वादहा वाजले होते.

"गेला."

मी तारीख लिहिली आणि वही तिच्याकडे सरकवली.

सरांनी पाकीट दुपारी उघडलं. आलेखावर दोन रेघा वेगळ्या पडल्या. एन्झाइम नसलेले कृमी दोन-एक दिवस आधी संपले होते, पहिल्या दोन फेऱ्यांइतकेच. सर म्हणाले, "बसलं." भाचीने आलेख दोनदा पाहिला आणि विचारलं, "सर, ती तिसरी फेरी मी प्रबंधातून काढणार नाही. निष्कर्षात का धरली नाही ते लिहीन. चालेल ना?"

"लिहायलाच पाहिजे," सर म्हणाले आणि उत्तरपत्रिकांकडे वळले.

तो मजकूर मी तिला लिहून दिला, तिने तो प्रबंधाच्या भाषेत घातला. नोंद करणाऱ्याने ठरलेला निकष सर्व प्लेटांना सारखा लावला नाही. मंद हालचालीच्या कृमींची नोंद उशिरा झाली. म्हणून ही फेरी निष्कर्षात धरलेली नाही. चार ओळी. मी एक वाक्य जास्त लिहिलं होतं, हे हेतुपुरस्सर नव्हतं असं. ते तिने काढून टाकलं. "त्याने आकडा बदलत नाही," ती म्हणाली. ते खरं होतं. इतरांची तशी वाक्यं मी कित्येकदा काढली होती.

संध्याकाळी चाचा रिकाम्या प्लेटा उकळून फेकायला न्यायला आले. ट्रे हातात घेऊन ते माझ्याकडे वळले.

"साहेब, नेऊ का? सगळे गेलेत ना पक्के? का उद्यापर्यंत वाट बघायची?"

भाची खुर्चीत डोळे मिटून होती. ती डोळे न उघडता हसली.

"न्या," मी म्हणालो.